नेत्रवैद्यांचे निबंध आणि आलोचनेची परंपरा
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील व्याख्यानाचा मजकूर)

 

शास्त्रकारांनी दानाचे चार प्रकार सांगितले आहेत : आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान. यांपैकी औषधदान चटकन नजरेत भरते. नेत्रशिबिर भरते, शस्त्रक्रिया होतात, त्यांचा आकडा अहवालात छापला जातो. मात्र त्या शस्त्रक्रियेमागे पिढ्यान्पिढ्या झालेले ज्ञानदान दृष्टीआड राहते. ते दडलेले असते वैद्यकीय संस्थांच्या वृत्तांतांत. कोणा नेत्रवैद्याने आपल्या समव्यवसायींच्या सभेपुढे वाचलेल्या आणि पुढे एकत्र बांधून ठेवलेल्या निबंधांत. आजच्या व्याख्यानाचा विषय तो आहे.

विद्वानांच्या सभेत वैद्याने आपले मत मांडावे, ही प्रथा जैन परंपरेस परकी नाही. नवव्या शतकातील जैनाचार्य उग्रादित्य यांनी ‘कल्याणकारक’ हा संस्कृत वैद्यकग्रंथ रचला. त्याच्या शेवटी ‘हिताहित’ नावाचे प्रकरण आहे. औषधांत मांस निष्फळ आणि अनावश्यक आहे, हे आपले प्रतिपादन आचार्यांनी राष्ट्रकूट सम्राट नृपतुंग अमोघवर्ष यांच्या सभेत, वैद्य आणि विद्वान यांच्यासमोर केले, असा उल्लेख त्यात आहे. हा ग्रंथ पंडित वर्धमान पार्श्वनाथ शास्त्री यांनी संपादित केला आणि तो १९४० मध्ये सोलापुरातून प्रसिद्ध झाला. म्हणजे महाराष्ट्रातील श्रावकांच्या द्रव्याने एका वैद्याचे सभेतील भाषण हजार वर्षांनंतर पुन्हा वाचकांच्या हाती आले.

मोतीबिंदूवरील उपचारांचा इतिहासही अशाच सभांमधून पुढे सरकला. सुश्रुतसंहितेत वर्णिलेली प्राचीन पद्धत शलाकेची होती. गढूळ झालेले भिंग शलाकेने डोळ्यातच बाजूस सारावयाचे आणि प्रकाशास वाट करून द्यावयाची. फ्रान्समधील झाक दाव्हिएल यांना १७४७ च्या एप्रिलमध्ये एका रुग्णाचे भिंग असे बाजूस सारता येईना. तेव्हा त्यांनी छेद घेऊन ते बाहेरच काढले. पुढे १७५२ मध्ये पॅरिसच्या राजकीय शल्यचिकित्सा अकादमीपुढे त्यांनी आपला निबंध ठेवला. त्यात २०६ शस्त्रक्रिया केल्या आणि १८२ यशस्वी झाल्या, असे स्पष्ट नमूद होते. येथे लक्षात घ्यावयाचे ते १८२ यश नव्हे, तर न लपविलेली २४ अपयशे. ती सांगितली म्हणूनच यशाच्या आकड्यावर जगाने विश्वास ठेवला.

त्या काळी रुग्णास बधिर करण्याचे साधन नव्हते. चार माणसांनी धरून ठेवावे आणि शस्त्र चालवावे, अशी स्थिती होती. व्हिएन्नातील तरुण वैद्य कार्ल कोलर यांना कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर होतो, हे आढळले. १५ सप्टेंबर १८८४ रोजी हायडेलबर्ग येथे नेत्रवैद्यांची परिषद होती. परंतु प्रवासखर्चास पैसे नसल्याने कोलर तेथे जाऊ शकले नाहीत. त्यांचा निबंध ब्रेटाउअर नावाच्या दुसऱ्या वैद्यांनी वाचला आणि प्रयोगही करून दाखविला. दुसऱ्याचे श्रेय दुसऱ्याच्याच नावे सभेस अर्पण करणारे ब्रेटाउअर हेही एका अर्थी दातेच म्हटले पाहिजेत. वेदनेच्या भयापासून लक्षावधी जीवांना मिळालेले ते अभयदान होते.

तरीही एक उणीव राहिली. भिंग काढल्यावर रुग्णास जाड भिंगाचा चष्मा लावावा लागे. वस्तू प्रमाणाबाहेर मोठ्या दिसत, बाजूचे दिसत नसे. आणि चष्मा फुटला वा हरवला की मनुष्य पुन्हा परावलंबी होई. यावलसारख्या तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवर किंवा तापीखोऱ्यातील केळीच्या बागांत राबणाऱ्या माणसास असा चष्मा सांभाळणे किती अवघड, हे येथील जाणत्या मंडळींस वेगळे सांगावयास नको.

ही उणीव लंडनचे नेत्रवैद्य हॅरॉल्ड रिडली यांनी दूर केली. दुसऱ्या महायुद्धात विमानाच्या काचेसारख्या पारदर्शक प्लॅस्टिकचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत शिरले होते. डोळ्याने ते मोठ्या प्रमाणावर सोसले, असे त्यांनी पाहिले. त्याच जातीच्या शुद्ध प्लॅस्टिकचे भिंग करवून २९ नोव्हेंबर १९४९ रोजी सेंट थॉमस रुग्णालयात त्यांनी पहिल्या रुग्णावर शस्त्रक्रिया केली. पहिल्या भिंगाची शक्ती प्रमाणाबाहेर निघाली आणि रुग्णास मोठा लघुदृष्टिदोष आला. तोही त्यांनी नोंदविला. जुलै १९५१ मध्ये ऑक्सफर्डच्या नेत्रवैद्य परिषदेत त्यांनी निबंध वाचला आणि रुग्णही हजर केले. त्या काळचे सर्वांत मोठे अधिकारी सर स्ट्युअर्ट ड्यूक-एल्डर यांनी त्या रुग्णांचे डोळे तपासण्यासही नकार दिला.

अनेकांताचे तत्त्व मानणाऱ्या समाजाने या प्रसंगाचा विचार अवश्य करावा. विरोधकांचे म्हणणे सर्वस्वी खोटे नव्हते. काही भिंगे जागेवरून सरकली, काही डोळ्यांत काचबिंदू उद्भवला, काही भिंगे काढावी लागली. रिडलींचे म्हणणेही खोटे नव्हते. दोन्ही बाजू निबंधांच्या रूपाने छापून राहिल्या, म्हणून पुढच्या पिढीस दोष कोठे होता हे शोधता आले आणि सुधारित भिंगे तयार झाली. पाहावयाचेच नाही, हा आग्रह मात्र एकांतवाद ठरला. रिडलींनी या भिंगावर स्वामित्वधन घेतले नाही. अपरिग्रहाचे हे उदाहरण दूरदेशीचे असले तरी आदरणीय आहे. २००० मध्ये त्यांना ‘सर’ ही पदवी मिळाली. २००१ मध्ये ते निवर्तले.

भारतात अखिल भारतीय नेत्रवैद्यक संस्था १९३० मध्ये स्थापन झाली. अंधत्व निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ मध्ये सुरू झाला. त्याच वर्षी मदुराईस डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी ११ खाटांचे अरविंद नेत्र रुग्णालय काढले. त्यांच्या संस्थेने १९९२ मध्ये ऑरोलॅबमार्फत भिंगे देशातच बनवावयास घेतली आणि ती गरिबांच्या आवाक्यात आली. १९९४ ते २००२ या काळात जागतिक बँकेच्या साहाय्याने चाललेल्या मोतीबिंदू प्रकल्पात महाराष्ट्राचाही समावेश होता. १९८६-८९ च्या सर्वेक्षणात देशातील अंधत्वाचे प्रमाण १.४९ टक्के होते. २०१५-१९ च्या सर्वेक्षणात ते ०.३६ टक्के आढळले. मोजण्याच्या व्याख्येत काही बदल झाला असला, तरी ही प्रगती मोठी आहे.

येथे धर्मादाय संस्थांच्या कर्तव्याचा प्रश्न येतो. शिबिरात किती डोळ्यांवर शस्त्रक्रिया झाली, हा आकडा दात्याच्या समाधानाचा आहे. किती डोळ्यांना दिसू लागले, हा आकडा रुग्णाच्या हिताचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९८ च्या मापाप्रमाणे शस्त्रक्रियेनंतर रुग्णास, नेहमीच्या चष्म्यासह, ६/१८ किंवा त्याहून चांगले दिसावे आणि शंभरांपैकी किमान ८० डोळ्यांच्या बाबतीत हे साधावे, अशी अपेक्षा होती. ज्या शिबिराचे रुग्ण सहा आठवड्यांनी पुन्हा तपासले जात नाहीत, त्या शिबिरास आपले यश वा अपयश कळण्याचा मार्गच नसतो.

श्रावक प्रतिक्रमण करतो, गुरूपुढे आलोचना करतो. दोष सांगितल्याने त्याची प्रतिष्ठा घटत नाही. उलट शुद्धीचा मार्ग मोकळा होतो. दाव्हिएल यांची २४ अपयशे आणि रिडली यांचे चुकलेले पहिले भिंग ही वैद्यकातील आलोचनाच होय. हाच नियम सेवाकार्यास लावता येईल. प्रत्येक डोळ्याची नोंदवही असावी. सहा आठवड्यांनी रुग्णास गावी जाऊन आणण्याची जबाबदारी तरुण मंडळाने घ्यावी. वार्षिक सभेत यशाबरोबर अपयशही, रुग्णाचे नाव न घेता आणि वैद्यास दूषण न देता, वाचून दाखवावे. या कामास इमारत लागत नाही, मोठी देणगी लागत नाही. लागते ती सत्य ऐकून घेण्याची तयारी.

जैन ज्ञानभांडारांनी शेकडो वर्षे ताडपत्रे आणि हस्तलिखिते जिवापाड जपली. त्या पोथ्यांच्या शेजारी नेत्रशिबिरांच्या नोंदवह्यांनाही जागा मिळावी. एखाद्या वृद्ध मातेस पुन्हा नातवाचा चेहरा दिसला की नाही, हे ज्या वहीत प्रामाणिकपणे लिहिले आहे, तीही ज्ञानदानाचीच पोथी आहे. सुवर्णमहोत्सवी वर्षात अशी पहिली वही उघडली जावो, ही शुभकामना.

जय जिनेंद्र.