परार्धापासून घातांकापर्यंत



ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर चढताना वाटेत खडकात कोरलेले लहानसे चतुर्भुज मंदिर लागते. त्यातील शिलालेख विक्रम संवत ९३३ चा, म्हणजे इ. स. ८७६ चा. देवाच्या फुलबागेसाठी दिलेल्या जमिनीची लांबी-रुंदी त्यात २७० हात व १८७ हात अशी नोंदली आहे. रोजच्या ५० माळांचीही तरतूद आहे. २७० आणि ५० यांतील शून्य लहानशा वर्तुळाने दाखविले असल्यामुळे गणितेतिहासाचे अभ्यासक या मंदिराकडे आवर्जून वळतात.

शून्याने स्थान सांभाळले, की पुढची वाट दहाच्या पटींची. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘लीलावती’त एक, दश, शत येथपासून परार्धापर्यंत अठरा संज्ञा दिल्या. प्रत्येक संज्ञा मागील संज्ञेच्या दसपट. परार्ध म्हणजे दहाचा सतरावा घात. आज आपण ज्याला घातांक म्हणतो, त्याचे काम येथे नावे करीत होती.

परंतु नावे प्रांतोप्रांती बदलतात. ‘लीलावती’तील खर्व हा दहाचा दहावा घात, हिंदीतील खरब मात्र अकरावा. हिंदी मुलखात नांदणाऱ्या मराठी घरात आजीचे खर्व आणि शेजाऱ्याचे खरब कानाला सारखेच लागावे आणि हिशेबात दसपटीचे अंतर पडावे, अशी ही गंमत! (गंमत म्हणायची ती पैसे आपले नसतील तोवरच.) इंग्रजांचीही तीच गत. त्यांचे बिलियन पूर्वी दहाचा बारावा घात असे. १९७४ मध्ये ब्रिटिश सरकारने आपल्या आकडेवारीसाठी नववा घात मान्य केला. एकाच शब्दाच्या दोन अर्थांत हजारपटीची दरी!

संख्येच्या प्रमाणित रूपात हा घोटाळा उरत नाही. दशांशचिन्हाच्या डावीकडे १ ते ९ पैकी एकच अंक ठेवायचा आणि उरलेला विस्तार दहाच्या घाताकडे सोपवायचा. सूर्याचे सरासरी अंतर १४ कोटी ९६ लक्ष किलोमीटर, ते १.४९६ गुणिले दहाचा आठवा घात असे लिहिले जाते. इलेक्ट्रॉनचे वस्तुमान किलोग्रॅममध्ये लिहू जाता दशांशचिन्हानंतर तीस शून्ये मोजावी लागतील, आणि मोजताना एखादे निसटेलच. ९.११ गुणिले दहाचा ऋण एकतिसावा घात म्हटले की काम भागते.

या लेखनाचा गुण केवळ आटोपशीरपणाचा नाही. त्यात प्रामाणिकपणाही आहे, आणि तो अधिक मोलाचा. नुसते २७० लिहिले असता शेवटचे शून्य मोजून आलेले की अंदाजाने जागा भरण्यापुरते, हे वाचणाऱ्याला कळत नाही. २.७ गुणिले दहाचा वर्ग असे लिहिणारा दहा हातांच्या अलीकडे-पलीकडे आपण पाहिले नाही, हे कबूल करतो. २.७० लिहिणारा एकेका हाताची जबाबदारी घेतो. घातांक दोन्हीकडे तोच. फरक त्या एका शून्याचा.

चतुर्भुज मंदिराच्या त्या बागेचे काय? तिची दुसरी बाजू १९० न म्हणता १८७ हात नोंदली आहे. त्यावरून मोजणारा एकेक हात धरून चालला असावा, आणि २७० चे शून्यही २.७० मधल्यासारखे मोजलेलेच असावे, असा तर्क करता येतो. माळांना हा प्रश्न लागू नाही. त्या मोजपट्टीने मापायच्या नव्हत्या, एकेक करून गुंफायच्या होत्या.