समुद्राचे वेळापत्रक

(शाळेच्या हीरकमहोत्सवी वर्षात, कोकण सहलीच्या पूर्वतयारीसाठी भरलेल्या विद्यार्थी-पालक मेळाव्यातील भाषण)



रायपूरमध्येही एक ‘मरीन ड्राइव्ह’ आहे. तेलीबांधा तलावाच्या काठचा तो रस्ता रोज संध्याकाळी माणसांनी फुलून जातो. त्या तलावाचे पाणी सकाळी जिथे टेकलेले असते, तिथेच ते संध्याकाळीही असते. पावसाळ्यात ते चढते, उन्हाळ्यात उतरते. पण एका दिवसात काठ हलत नाही. खारून आणि महानदीच्या प्रदेशात वाढलेल्या मुलाच्या मनात म्हणूनच पाण्याचा काठ ही एक स्थिर रेषा असते.

हेच मूल निबंधात मात्र ‘उत्साहाला उधाण आले’ असे लिहिते, ‘वैभवाला ओहोटी लागली’ असेही लिहिते. घराचे सुकाणू आईच्या हाती असते, हे त्याला पाठ असते. मराठीने हे शब्द समुद्राकडून घेतले आणि घाटावर, वऱ्हाडात, नागपुरात नेले. नागपूरकर भोसल्यांच्या काळात मराठी कुटुंबांबरोबर ते छत्तीसगढातही आले. येताना शब्द आले, समुद्र मागे राहिला. कोकणची सहल ही त्या शब्दांना त्यांचे मूळ पाणी दाखवण्याची संधी आहे. पण त्यासाठी एक गोष्ट आधी शिकावी लागते. तिथली सहल माणसाच्या वेळापत्रकावर चालत नाही, ती समुद्राच्या वेळापत्रकावर चालते.

समुद्रकिनाऱ्याच्या सहलीचे जे चित्र आज सर्वांच्या डोळ्यांसमोर असते, ते बहुतांशी भूमध्य सागराचे आहे. प्रवासी कंपन्यांच्या रंगीत पुस्तिकांत ग्रीसची पांढरी घरे, इटलीचे किनारे, निळे स्तब्ध पाणी आणि एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जाणारी जहाजे दिसतात. ते चित्र खोटे नाही. मात्र भूमध्य सागर जवळजवळ चहूबाजूंनी जमिनीने वेढलेला आहे. जिब्राल्टरच्या अरुंद सामुद्रधुनीतूनच तो अटलांटिकला मिळतो. त्यामुळे तिथल्या बहुतेक किनाऱ्यांवर भरती-ओहोटीतील फरक फार थोडा असतो. जून ते ऑगस्ट हा तिथला कोरडा, उन्हाचा काळ, म्हणून पर्यटनाचा ऐन हंगामही तोच. कोकणात नेमक्या याच महिन्यांत नैर्ऋत्य मोसमी वारे समुद्र खवळून टाकतात. जलदुर्गांकडे जाणाऱ्या प्रवासी होड्या बंद राहतात. 1 जूनपासून यांत्रिक नौकांच्या मासेमारीवर बंदी असते. नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करून कोळी समाज नव्या हंगामाकडे वळतो. मुंबईच्या किनाऱ्यावर मोठ्या उधाणाला भरतीची पातळी साडेचार मीटरांच्याही वर जाते. एका सागराचे चित्र मनात धरून दुसऱ्या सागराच्या काठी उभे राहणे, ही सहलीतली पहिली चूक होय.

भूमध्य सागराकडच्या माणसांनाही हे दोन हजार वर्षांपूर्वी शिकावे लागले होते. पहिल्या शतकात इजिप्तमधील एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’ हा सागरप्रवासाचा ग्रंथ लिहिला. त्याचे नाव इतिहासाला ठाऊक नाही. पण सोपारा, कल्याण आणि चौल ही कोकणची बंदरे त्याच्या ग्रंथात आहेत. तांबड्या समुद्रातील बंदरांतून ही गलबते जुलैच्या सुमारास निघत आणि नैर्ऋत्य वाऱ्याच्या बळावर भारताच्या किनाऱ्याला लागत. परतीसाठी वारा उलटण्याची वाट पाहावी लागे. ती पुढे हिवाळ्यात, ईशान्येचा वारा सुरू झाल्यावर होई. माल तयार होता, खलाशी तयार होते, तरी निघण्याचा दिवस वारा ठरवी. कार्ले येथील लेण्याच्या खांबांवर यवन दात्यांची नावे कोरलेली आहेत आणि कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या उत्खननात पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती मिळाली, ती त्याच दळणवळणाची साक्ष. ‘जंजिरा’ हा शब्दही असाच समुद्रावरून आला. बेटाला अरबीत ‘जझीरा’ म्हणतात. भूमध्य सागराच्या दक्षिण काठावरील अल्जीयर्स शहराच्या नावातही तोच शब्द आहे.

आता हे वेळापत्रक वाचायचे कसे? त्यासाठी रायपूरच्या प्रत्येक मराठी घरात भिंतीवर टांगलेली दिनदर्शिका पुरते. कोकणातील जुना ठोकताळा असा की तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमारास. अष्टमीला सहाच्या सुमारास. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी, आणि दोहोंमध्ये सुमारे सहा तासांचे अंतर. चंद्र रोज सुमारे 50 मिनिटे उशिरा माथ्यावर येतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच पुढे सरकते. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास सूर्य आणि चंद्र एका रेषेत येतात, तेव्हा उधाण. अष्टमीच्या सुमारास ते काटकोनात असतात, तेव्हा भांग. उधाणाला पाणी खूप चढते आणि खूप उतरते. भांगाला दोन्ही थोडे. हा ठोकताळा मुंबई-अलिबागच्या बाजूचा आहे आणि तो अंदाजच आहे. नेमकी वेळ स्थानिक तक्त्यावरून आणि तिथल्या नाखव्याकडून घ्यावी.

अलिबागचा कुलाबा किल्ला या गणिताची खरी परीक्षा घेतो. 1680 मध्ये त्याचे बांधकाम सुरू झाले आणि पुढे तो कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचे प्रमुख ठाणे झाला. पूर्ण ओहोटीला तिथे चालत जाता येते. भरतीला तो पाण्याने वेढला जातो. पौर्णिमेच्या दिवशी रेल्वे आणि बसच्या सोयीने दुपारी बारा वाजता पोहोचलेल्या शाळेला समोर फक्त पाणी दिसेल. त्या दिवशीची ओहोटी संध्याकाळी सव्वापाचची, म्हणजे परतताना अंधाराची आणि चढत्या पाण्याची दुहेरी घाई. त्यापेक्षा पौर्णिमेनंतरची तृतीया बरी. भरती दुपारी सव्वादोनला, म्हणून ओहोटी सकाळी सव्वाआठला. उधाणाचा प्रभाव अजून शिल्लक असल्याने पाणीही पुरते हटलेले. पाणी उतरत असताना जावे आणि ते पालटण्यापूर्वी निघावे. अष्टमीला ओहोटी ऐन दुपारी बाराला येते हे खरे, पण ती भांगाची असल्यामुळे वाट पुरेशी उघडी पडेलच असे नाही. पाऊणकीचा पाढा आणि चंद्राची दैनंदिन गती, दोन्ही एकाच वेळी कामाला लागतात असे उदाहरण पाठ्यपुस्तकात क्वचितच सापडते.

पाणी एकदा ओळखीचे झाले की किल्ल्यांचे दगडही बोलू लागतात. कुलाब्याच्या तटाचे प्रचंड दगड चुन्याशिवाय नुसते रचलेले आहेत; लाटेचे पाणी फटींत शिरते आणि तिचा मारा विरतो. मुरूडजवळच्या पद्मदुर्गात याच्या उलट प्रकार दिसतो. तिथे खाऱ्या वाऱ्याने दगड झिजले, पण दोन दगडांमधला चुना तसाच उभा आहे. मालवणच्या कुरटे बेटावर 1664 मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्गाची पायाभरणी केली; त्याच्या पायाच्या दगडांत शिसे ओतले गेले. भोवती बुडालेल्या खडकांचे असे जाळे आहे की माहीतगार नावाड्याखेरीज होडी आत नेता येत नाही. चहूबाजूंनी खारे पाणी असलेल्या त्या बेटावर दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरी गोड पाण्याच्या आहेत. महाराजांचा जन्म शिवनेरीवरचा, बालपण मावळातले. समुद्र त्यांना वारशाने मिळाला नव्हता. कल्याण-भिवंडी ताब्यात आल्यावर त्यांनी तो शिकून घेतला. डोंगरातल्या राजाला जे शिकता आले, ते छत्तीसगढच्या विद्यार्थ्याला अवघड वाटण्याचे कारण नाही. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या 12 किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे समुद्राच्या सान्निध्यातले चार आहेत.

पालकांसाठी एक गोष्ट स्पष्ट शब्दांत सांगणे आवश्यक आहे. फेब्रुवारी 2016 मध्ये मुरूडच्या किनाऱ्यावर सहलीला आलेले पुण्यातील एका महाविद्यालयाचे 14 विद्यार्थी समुद्रात बुडाले. तो पावसाळा नव्हता, हवा स्वच्छ होती, आणि ती मुले शाळकरी वयाचीही नव्हती. तलावात पोहता येणे आणि समुद्रात सुरक्षित असणे यांत फार अंतर आहे. तलावाचे पाणी माणसाला ओढून नेत नाही; उतरती ओहोटी नेते. म्हणून सहलीचे नियम थोडे पण न मोडणारे असावेत. स्थानिक माणसाला विचारल्याशिवाय कोणीही पाण्यात पाऊल टाकू नये. होडीत प्रत्येकाच्या अंगावर जीवरक्षक जाकीट असावे आणि ते बांधलेले असावे. दर पंधरा विद्यार्थ्यांमागे एक मोठे माणूस असावे, आणि त्याच्या हाती कॅमेरा नसावा. नाखव्याने ‘आज होडी जाणार नाही’ असे म्हटले, तर त्याच्याशी वाद घालू नये. हजार किलोमीटरांहून अधिक प्रवास करून जंजिरा लांबूनच पाहावा लागला, तरी ती सहल वाया गेली असे समजू नये. त्या दिवशी मुलांनी किनाऱ्यावर एक काठी रोवावी आणि पाणी तिच्यापर्यंत केव्हा येते, ते घड्याळ लावून नोंदवावे.

तयारीची सुरुवात आजपासूनच व्हावी. सहलीला निघणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने घरची दिनदर्शिका उघडून प्रवासातील प्रत्येक दिवसाची तिथी लिहावी, तिची पाऊणपट करावी आणि समोर भरती-ओहोटीच्या वेळा मांडाव्यात. त्या तक्त्याला जुळेल असाच कार्यक्रम शिक्षकांनी आखावा. परत आल्यावर अंदाजाची वेळ आणि प्रत्यक्षातली वेळ शेजारी शेजारी लिहून दोहोंतला फरक शोधावा. मालवणच्या रकान्यात तो अलिबागपेक्षा अधिक का पडला, याचे उत्तर भूगोलाच्या तासाला मिळू द्यावे. आणि पुढच्या निबंधात ‘उधाण’ हा शब्द ज्याच्या लेखणीतून उतरेल, त्याला तो कुठल्या तिथीचा, हेही सांगता यावे.