दगडी चेहरे आणि लाल शाई



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण आज जमलो आहोत, त्यांच्यापुढे याच शाळेत बसून शिकण्याचे भाग्य मला लाभले. एकदा त्यांनी एका जुन्या ग्रंथातील चित्र दाखविले. दगडी शिखराच्या चारही अंगांना मंद स्मित करणारे चार भव्य चेहरे होते. ‘कंबोडियातील हा चतुर्मुख ब्रह्मदेव,’ असे त्यांनी सांगितले. पुढे प्राध्यापक झाल्यावर मीही विद्यार्थ्यांना तेच सांगत आलो.

निवृत्तीनंतर, २०१३ साली, अंगकोर थोम येथील त्या बायोन मंदिराचे दर्शन घडले. बाहेरच्या भिंतींवर चाम सैन्याशी झालेली युद्धे कोरलेली आहेत. त्यांच्याच शेजारी बाजारात बसलेल्या बायका आणि कोंबड्यांच्या झुंजीही आहेत. उभ्या पायऱ्या चढून वर गेलो, तो जिकडे पाहावे तिकडे तेच स्मित!

तेथील वाटाड्याने माझी समजूत नम्रपणे दुरुस्त केली. आरंभीच्या संशोधकांनी हे मंदिर हिंदू मानले होते खरे. परंतु १९२५ मध्ये तेथे लोकेश्वराचे शिल्प उजेडात आले आणि मंदिर मूळचे बौद्ध असल्याचे सिद्ध झाले. ते उभारणारा सातवा जयवर्मन ११८१ मध्ये गादीवर आला होता. १९३३ मध्ये मधल्या शिखराखालील विवरात नागफणेखाली बसलेल्या बुद्धाच्या मूर्तीचे तुकडे सापडले. ते जुळवून ती मूर्ती जवळच पुन्हा प्रतिष्ठापित करण्यात आली. शिखरांवरील चेहरे बहुतेक अभ्यासक लोकेश्वराचे मानतात. काहींना त्यांत राजाची मुद्रा दिसते.

मी खजील झालो. गुरुजींच्या हाती एक जुना ग्रंथ होता. माझ्या हाताशी अख्खे ग्रंथालय होते. तरीही तीस वर्षे मी ते पडताळून पाहिले नाही, कारण ते गुरुजींनी सांगितले होते.

आजच्या प्रसंगी हे सांगावे की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. तेव्हा एक निबंध आठवला. त्यात मी ‘असे म्हणतात’ असे लिहिले होते. गुरुजींनी त्याखाली लाल शाईने रेघ ओढून समासात लिहिले होते, ‘कोण म्हणतात?’

विद्यार्थिमित्रहो, हा प्रश्न त्यांनी स्वतःला वगळून विचारला नव्हता. तो त्यांच्या शब्दालाही लावायला मला फार उशीर झाला. तुम्ही तो आमच्या शब्दाला लावा. गुरुजींचे खरे स्मरण तेच होय.