मिनिटाला एकवीस थेंब

वयाच्या तेहतिसाव्या वर्षी मी पुन्हा गणवेश चढवला. त्याआधी बारा वर्षं एका कापडदुकानात हिशेब लिहीत होते. सासरे दहा दिवस दवाखान्यात होते, तेव्हा रात्रपाळीच्या सिस्टर कशा खाटांमधून न बोलता फिरतात ते पाहिलं आणि मनाने घेतलं. घरी विषय काढला तर सासूबाई म्हणाल्या, "आता? आणि लोकांची भांडी उचलणार?"

चौकशीत कळलं, की जीएनएम या परिचारिकेच्या अभ्यासक्रमाला बारावी पास लागते आणि वयाची वरची मर्यादा 35 वर्षं. म्हणजे हाताशी जेमतेम दोन वर्षं होती. पूर्वी साडेतीन वर्षांचा असलेला हा अभ्यासक्रम आता तीन वर्षांचा आहे. पण नोकरी सांभाळून सहज करू, असं कुणी मनात आणत असेल तर आधीच सांगते, हा रात्रशाळेचा मामला नव्हे. ऐंशी टक्के हजेरी हवीच, आणि वॉर्डातल्या कामाची तर शंभर टक्के. बुडलेला दिवस पुढे कधीतरी भरून द्यावाच लागतो. मग मालकांशी बोलले. संध्याकाळी सहा ते नऊ आणि रविवार पूर्ण, पगार निम्मा. माणूस भला, मार्चअखेर आली की मात्र भलेपणा आटायचा!

सासूबाईंचा प्रश्न तसा जुनाच. रमाबाई रानड्यांनी 1909 साली पुण्यात सेवासदन सुरू केलं आणि विधवा बायकांना परिचारिकेच्या शिक्षणाची वाट दाखवली. एका समारंभात केशवपन केलेली, लाल लुगड्यातली एक बाई या शिक्षणाचं बक्षीस घ्यायला मंचावर आली, तेव्हा कॉलेजच्या पोरांनी हुर्यो उडवली. रमाबाईंनी त्यांना भर सभेत सुनावलं. माझी हुर्यो कुणी उडवली नाही. वर्गातल्या अठरा वर्षांच्या मुली मला 'काकू' म्हणायच्या, एवढंच.

अभ्यासाचं म्हणाल तर तो होतो. पहाटे चारला उठून शरीरशास्त्र पाठ करता येतं. अवघड असतं ते आपल्याहून सात वर्षांनी लहान असलेल्या मॅडमची बोलणी ऐकून घेणं. पहिल्याच आठवड्यात मी घातलेली चादर त्यांनी तीनदा उपसली. कोपऱ्याची घडी तिरकी, घट्ट बसली पाहिजे, पेशंटच्या पाठीखाली एक सुरकुती राहता कामा नये. घरी इतकी वर्षं मी चादरीच घालत होते की हो! कान लाल झाले, पण चौथ्यांदा घातली.

मग सलाइनचं गणित आलं आणि माझा दिवस उजाडला. 500 मिली, आठ तासांत, संच मिलीला 20 थेंबांचा. मुली पेन चावत बसल्या. मी सांगून मोकळी: दहा हजार थेंब, 480 मिनिटं, म्हणजे मिनिटाला एकवीस. मॅडम "बरोबर" म्हणाल्या. दुपारी वॉर्डात एका आजोबांना मी तसंच लावून दिलं, घड्याळ धरून मोजलं आणि वहीत लिहून पुढच्या खाटेकडे गेले. अर्ध्या तासाने मॅडमनी परत बोलावलं. बाटलीतलं पाणी हललंच नव्हतं म्हणा ना. "हिशेब बरोबर आहे तुमचा. हात बघितलात का?" आजोबांनी कुशीवर वळून कोपर दुमडलं होतं. थेंब मिनिटाला सहा-सात.

दुकानात रात्री बेरीज जुळली की वही मिटायची, सकाळी उघडली तरी ती तशीच असायची. इथे मी पाठ फिरवली की आकडा बदलत होता.

मी कोपर सरळ केलं, खाली उशी दिली, पुन्हा मिनिटभर मोजलं. एकवीस.

"आजोबा, हात असाच ठेवा हं."

"ठेवतो की. पण तू इथंच थांब. तू गेलीस की तो आपोआप वाकतो."