श्रेयांक जमा झाले, पण गुणपत्रकावर आले का?



‘जालना सोने का पालना’ ही म्हण ऐकतच आपण मोठे झालो. मोंढ्याच्या या गावात जमा-नावे कोणाला समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. आजचा विषय वस्तुतः खतावणीचाच आहे. रकमेच्या जागी आपल्या मुलामुलींचे गुण आहेत, इतकेच.

विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये एकाच वेळी दोन पदव्यांचा अभ्यास करण्यास मुभा दिली. अंबडची एखादी मुलगी जालन्याच्या महाविद्यालयात बी.एस्सी. करीत असतानाच यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.ए. करू शकते. संधी मोठी आहे. परंतु अनेक पालकांची अशी समजूत असते की, दोन्हीकडचे गुण कोठेतरी एकत्र होतील आणि पुढील प्रवेशाच्या वेळी मुलीचे पारडे जड होईल. तसे होत नाही. विद्यापीठे दोन, गुणपत्रके दोन आणि सरासऱ्याही दोन. पदवीच्या गुणांवर एम.एस्सी.ची गुणवत्ता यादी लागते, तेथे बी.एस्सी.चे गुण पाहिले जातात, बी.ए.मधली उत्तम श्रेणी तेथे कामास येत नाही. उलट, दोन्ही परीक्षा एकाच आठवड्यात आल्यामुळे बी.एस्सी.ची श्रेणी घसरली, तर ती घसरण मात्र गुणपत्रकावर राहते.

‘स्वयं’ या शासकीय ऑनलाइन व्यासपीठाची गोष्ट निराळी. २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातील चाळीस टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम त्यातून घेता येतात आणि त्यांचे गुण आपल्या विद्यापीठाने आपल्याच गुणपत्रकात समाविष्ट करावयाचे असतात. मात्र नोंदणीपूर्वी महाविद्यालयाची संमती घेतलेली बरी. ती नसेल तर हाती केवळ प्रमाणपत्र उरण्याचा धोका असतो. भिंतीवर ते शोभून दिसते, हे खरे! शिवाय शंभरपैकी मिळालेल्या गुणांचे दहा बिंदूंच्या श्रेणीत रूपांतर कोणत्या कोष्टकाने होणार, हेही आधीच विचारावे.

राहिली ‘ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’. तेथे श्रेयांक जास्तीत जास्त सात वर्षे राहतात. पण पेढीत रक्कम जमा असणे निराळे आणि ती बिलापोटी वळती होणे निराळे. तेथे दिसणारा श्रेयांक आपल्या पदवीस लागू झाला असे गृहीत धरू नये. आधारवरील आणि बारावीच्या गुणपत्रकावरील नावात फरक असेल, तर तोही वेळीच दुरुस्त करून घ्यावा.

आपल्यापैकी काहींची नातवंडे अमेरिकेत आहेत. तेथे शाळकरी मुले महाविद्यालयाचे विषय घेतात, तेव्हा तीच श्रेणी शाळेच्या आणि महाविद्यालयाच्या अशा दोन पत्रकांवर उमटते. अनेक शाळा तिला अधिक भार देतात. महाविद्यालय मात्र ती जशीच्या तशी नोंदवते. पुढे वैद्यकीय प्रवेशाच्या अर्जात ही महाविद्यालयीन श्रेणी दाखवावीच लागते. सोळाव्या वर्षी गमतीने घेतलेल्या विषयातील अपयश असे बाविसाव्या वर्षी पुन्हा समोर उभे राहते.

यास्तव शुल्क भरण्यापूर्वी महाविद्यालयाच्या कार्यालयात लेखी अर्ज द्यावा: हा विषय माझ्या गुणपत्रकावर कोणत्या सत्रात दिसेल, त्याचे श्रेयांक किती आणि तो सरासरीत धरला जाईल काय? अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक घ्यावा आणि लेखी उत्तर येईपर्यंत पैसे भरू नयेत.