संगणक आपला, परवाना कुणाचा?

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



 अशा प्रसंगी शिक्षणाचे महत्त्व सांगण्याचा प्रघात आहे. परंतु ज्या पालकांनी पोटाला चिमटा घेऊन मुलांना शाळेत घातले, त्यांना शिक्षणाचे महत्त्व मी काय सांगणार? म्हणून आज मी एका साध्या, व्यवहारी विषयावर बोलणार आहे. आपल्या शाळांत आणि घरांत संगणक आले. ते घेताना आपण किंमत विचारतो, गॅरंटी विचारतो. पण ते यंत्र आणि त्यातील सॉफ्टवेअर कुणाच्या नावावर नोंदले आहे, हे विचारत नाही. न विचारलेल्या या प्रश्नाची किंमत कोण भरते, ते मी डोळ्यांनी पाहिले आहे.

काही वर्षांपूर्वी एका शाळेने मला बोलावून घेतले. शाळेचे नाव सांगण्याचे कारण नाही. तिथे घडले ते कुठेही घडू शकते. प्रयोगशाळेत वीस संगणक होते. देणगीदारांच्या पैशातून घेतलेले, डेडस्टॉक रजिस्टरात क्रमांक घालून नीट चढवलेले. प्रात्यक्षिक परीक्षा आठवड्यावर आली आणि एका सकाळी विसाही यंत्रांवर एकच सूचना दिसू लागली, की परवान्याची मुदत संपली आहे. मुलांना जुनी फाइल उघडता येई, छापता येई; परंतु नवे एक अक्षर लिहिता येईना.

चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. खरेदीच्या वेळी शाळेचा स्वतःचा ईमेल नव्हता. घाई होती म्हणून त्या वेळच्या संगणक शिक्षकांनी स्वतःचा ईमेल आणि स्वतःचा मोबाइल नंबर देऊन परवान्यांच्या पोर्टलवर खाते उघडले. त्यात वाईट हेतू काहीच नव्हता. शाळेचे काम अडू नये, एवढीच इच्छा. पुढे ते नोकरीसाठी आखातात गेले. जाताना त्यांनी कपाटाच्या चाव्या दिल्या, रजिस्टर दिले, चार्ज यादीवर सही केली. पोर्टलची चावी मात्र कुणी मागितली नाही आणि त्यांनाही आठवली नाही. मुदत संपत आल्याची पत्रे त्यांच्या जुन्या ईमेलवर जात राहिली. आम्ही त्यांना गाठले. बिचाऱ्यांनी ड्यूटीवरून परतल्यावर रात्री जागून खटपट केली. पण पासवर्ड विस्मरणात गेलेला आणि ओटीपी जाणार तो इथल्या, केव्हाच बंद पडलेल्या नंबरवर! शेवटी जुने बिल शोधून, संस्थेची कागदपत्रे पाठवून ते खाते शाळेच्या ताब्यात यायला तीन आठवडे लागले. तोवर परीक्षा होऊन गेली होती. मुलांनी ती शेजारच्या शाळेत, अनोळखी यंत्रांवर कशीबशी दिली.

त्या वर्गात एक मुलगी होती. घरी संगणक नाही. शाळेत मिळणारा तास हाच तिचा सराव. तिने मला विचारले, "सर, संगणक आपल्याच शाळेचा आहे ना? मग तो आपल्यालाच का लिहू देत नाही?" आजचे माझे भाषण म्हणजे तिच्या प्रश्नाचे उत्तर आहे. त्या दिवशी मला ते नीट देता आले नव्हते.

आपल्यापैकी पुष्कळांचे गाव आहे, गावी थोडीफार जमीन आहे. सातबारा म्हणजे काय, हे आपणांस सांगायला नको. गाव नमुना सातमध्ये जमीन कुणाच्या नावावर आहे ते असते आणि गाव नमुना बारामध्ये तीत कोणते पीक आहे ते असते. दोन नोंदी, पण कागद एक. पोर्टलवरचा कारभार नेमका असाच आहे. एक नोंद यंत्राची: हे यंत्र कुणाच्या मालकीचे? दुसरी नोंद वापराची: यावर कोणते सॉफ्टवेअर, कोण, किती मुदतीपर्यंत वापरू शकतो? डेडस्टॉक रजिस्टर फक्त लोखंड-प्लास्टिकच्या पेटीची साक्ष देते. आत काय पिकते, त्याची नोंद दुसरीकडे आहे आणि ती बहुधा आपण कधी पाहिलेलीच नसते.

सॉफ्टवेअर आपण खुर्ची-टेबलासारखे विकत घेत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ साली दुरुस्ती होऊन संगणक प्रोग्रामचा समावेश साहित्यकृतींत झाला. पुस्तक विकत घेतले म्हणून ते छापण्याचा हक्क मिळत नाही, तसेच हे आहे. आपल्याला मिळते ती ठरलेल्या अटींवर वापरण्याची परवानगी. १९९४ च्या दुरुस्तीने आणलेल्या कलम ६३-ब प्रमाणे, बेकायदा प्रत आहे हे ठाऊक असूनही ती संगणकावर वापरणे हा गुन्हा आहे. त्याला किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितला आहे. धंद्यातील लाभासाठी वापर नसेल, तर न्यायालय कैद माफ करू शकते. तेव्हा दुकानदाराने 'सगळे टाकून देतो' असे म्हटले, की आपण खूश होऊ नये. बिल आणि परवाना मागावा.

आता परवाना कसा बांधलेला असतो, ते समजून घेऊ. काही परवाने यंत्राशी बांधलेले असतात. नव्या लॅपटॉपसोबत कारखान्यातूनच आलेले विंडोज हे त्याचे उदाहरण. लॅपटॉप विकला की परवाना त्याच्याबरोबर जातो. दुसऱ्या यंत्रावर उचलून नेता येत नाही. काही परवाने माणसाशी बांधलेले असतात. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये संस्थेचा ॲडमिन एकेका व्यक्तीच्या नावाने परवाना देतो. सशुल्क परवान्यावर ती व्यक्ती पाच संगणकांवर तो वापरू शकते, मात्र इंटरनेटवरून अधूनमधून त्याची पडताळणी व्हावी लागते. एखादी व्यक्ती संस्था सोडून गेली, की ॲडमिनने तिचा परवाना काढून दुसऱ्याला द्यायचा असतो. तो काढला नाही, तर गेलेल्या माणसाच्या नावाने आपण पैसे भरत राहतो आणि वर्गातला मुलगा परवान्यावाचून बसतो. परवाना काढल्यावर त्या व्यक्तीची माहिती साधारण तीस दिवस राखली जाते. तेवढ्यात हवे ते उतरवून घ्यावे.

यंत्राच्या मालकीचेही असेच. इंट्यूनसारख्या पोर्टलमध्ये प्रत्येक यंत्रापुढे ते खासगी आहे की संस्थेचे, अशी नोंद असते. ही नोंद शोभेची नाही. संस्थेच्या यंत्रावरील सर्व ॲप्सची यादी ॲडमिनला दिसते. शिक्षकाच्या खासगी फोनवरची तशी दिसत नाही आणि दिसूही नये. यंत्र परत घेताना दोन हुकूम असतात. 'रिटायर' म्हटले तर संस्थेची तेवढी माहिती निघते आणि माणसाची खासगी माहिती राहते. 'वाइप' म्हटले तर सारे पुसले जाऊन यंत्र कोरे होते. शिक्षकाच्या स्वतःच्या फोनवर चुकून दुसरा हुकूम गेला, तर त्यांच्या मुलाबाळांचे फोटोही जातील. म्हणून मालकीची नोंद खरी असली पाहिजे.

पालकहो, याचा आपल्या घराशी काय संबंध, असे आपणांस वाटेल. संबंध आहे, आणि तो आपल्या कष्टाच्या पैशाशी आहे. आपल्यापैकी अनेकजण मुलांसाठी जुना लॅपटॉप घेतात. त्यात कमीपणा काहीच नाही. परंतु एखाद्या कंपनीने वा संस्थेने यंत्र आपल्या पोर्टलवर नोंदवले असेल आणि विकताना नोंद काढली नसेल, तर यंत्र कोरे करून पुन्हा सुरू केल्यावर त्या संस्थेचेच लॉगिनचे पान समोर येते. ॲपलच्या यंत्रांना आणि अँड्रॉइड फोनलाही मागच्या मालकाच्या खात्याचे कुलूप असू शकते. तेव्हा पैसे हातावर ठेवण्यापूर्वी दुकानातच यंत्र कोरे करून, इंटरनेट जोडून, आपल्या खात्याने सुरू करून पाहा. विकणारा 'घरी जाऊन करा' म्हणाला, तर तिथूनच माघारी फिरा.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यासाठी एक गोष्ट. शिक्षणासाठी मिळणारे परवाने ही तात्पुरती सवलत असते. नकाशे काढायला शिकणाऱ्या मुलांना ऑटोडेस्कचे सॉफ्टवेअर शिक्षणासाठी एक वर्ष विनामूल्य मिळते आणि विद्यार्थी असेपर्यंत दरवर्षी त्याचे नूतनीकरण करता येते. पण त्यावर पैसे घेऊन बाहेरची कामे करायची नसतात. शाळा-कॉलेजाने दिलेले ईमेल खातेही बहुधा संस्था सोडल्यावर बंद होते. शेवटच्या परीक्षेनंतर निरोपाचे फोटो काढता, तसेच त्याच आठवड्यात आपले प्रकल्प आणि प्रमाणपत्रे स्वतःच्या खात्यात उतरवून घ्या. आणि आपला पासवर्ड मित्रालासुद्धा देऊ नका. तुमच्या नावाचा परवाना म्हणजे तुमची सही आहे.

आता संस्थाचालकांना विनंती. विश्वस्त बदलले की आपण धर्मादाय कार्यालयात फेरफार अर्ज देतो, बँकेत सह्या बदलतो. मग पोर्टलवरचा ॲडमिन बदलला, त्याचा ठराव का नसावा? माझ्या मते चार गोष्टी पुरेशा आहेत. पहिली, खाते नेहमी संस्थेच्या ईमेलवर असावे, व्यक्तीच्या नव्हे. ओटीपीचा मोबाइल नंबरही संस्थेचाच असावा. दुसरी, ॲडमिन एक नसावा, किमान दोन असावेत. पण गावभर ॲडमिन करू नयेत. तिसरी, डेडस्टॉक रजिस्टरात यंत्राच्या क्रमांकापुढे तीन रकाने वाढवावेत: परवाना कोणता, तो कुणाला दिला, मुदत केव्हा संपते. बिले त्याच फाइलमध्ये लावावीत. चौथी, चार्ज देताना पोर्टलची चावी यादीत लिहावी आणि नव्या माणसाने सर्वांसमोर स्वतः लॉगिन करून दाखवल्याशिवाय जुन्याची सुटका करू नये. या चार गोष्टींना पैसा लागत नाही, लागते ती शिस्त.

कुणी विचारील, एवढी यातायात करण्यापेक्षा परवान्याशिवायचे सॉफ्टवेअर नाही का? परवान्याशिवायचे नाही, पण ज्याचा परवाना सर्वांना मुक्त आहे असे आहे. २०१० साली सुरू झालेले लिब्रे ऑफिस पत्रे, तक्ते, हिशेब या कामांना पुष्कळ पुरते. त्याला खाते लागत नाही आणि मुदतही नसते. केरळच्या सरकारी शाळांनी मुक्त सॉफ्टवेअरवर मुलांना शिकवून दाखवले आहे. ज्या घरी परवान्याचे पैसे परवडत नाहीत, तिथे चोरीची प्रत घेण्याऐवजी ही वाट धरावी. मात्र तिथेही यंत्राच्या मालकीचा प्रश्न उरतोच. सॉफ्टवेअर मुक्त झाले म्हणून लॅपटॉपवरचे दुसऱ्याचे कुलूप निघत नाही.

मित्रहो, संस्थेचे यंत्र ही अमानत आहे. देणगीदाराने दिली, आपण सांभाळायची आणि पुढच्याच्या हाती धडपणे सोपवायची. त्या शिक्षकांनी कपाटाची चावी प्रामाणिकपणे परत केली होती, हे मी विसरू शकत नाही. त्यांच्या प्रामाणिकपणात उणीव नव्हती. उणीव होती ती आपल्या यादीत. ती यादी आपण पुरी केली, तर कुठल्याही मुलीला परीक्षेच्या तोंडावर बंद यंत्रासमोर बसून तो प्रश्न विचारावा लागणार नाही.