फेस आला, पण कशाचा?

२०२० सालच्या उन्हाळ्यात माझ्याकडे एक छोटेसे काम आले होते. हात कसे धुवावेत याचे एक पानी इंग्रजी पत्रक मराठीत करायचे होते. पायऱ्या पाच आणि प्रत्येक पायरीला एकच शब्द: ओले करा, मग 'लॅदर', मग चोळा, धुवा, पुसा. चार शब्द दोन मिनिटांत झाले. पाचव्यापाशी, म्हणजे त्या 'लॅदर'पाशी, मी अडकले.

चामड्याचा 'लेदर' वेगळा बरे का! हा 'लॅदर' म्हणजे साबण पाण्याबरोबर घासल्यावर येणारा दाट फेस, दाढी करताना ब्रशने गालावर उठतो तो. शिवाय इंग्रजीत ते क्रियापदही आहे. आपल्याला 'फेस काढणे', 'फेस येईपर्यंत चोळणे' असा दोन-तीन शब्दांचा वळसा घ्यावा लागतो. मी 'साबणाचा फेस काढा' असे लिहून पत्रक देऊन टाकले. त्याचे पुढे काय झाले ते शेवटी सांगते.

मुळात हा शब्द धुण्याच्या घराण्यातला. लॅटिनमध्ये धुण्याला 'लावारे' म्हणतात आणि 'लाँड्री' त्याच्याच वंशातली. 'लॅदर' हा या शब्दांचा दूरचा भाऊ. पण इंग्रजीत त्याला साबणाखेरीज आणखी एक अर्थ आहे, घोड्याच्या घामाचा. दौडून आलेल्या घोड्याच्या मानेवर, लगाम आणि जीन घासते तिथे पांढरा फेस जमतो, तोही 'लॅदर'च. माणसाच्या घामाला असा फेस येत नाही. घोड्याच्या घामात एक खास प्रथिन असते, त्यामुळे घाम केसांवर पसरतो आणि वाळताना अंग थंड करतो. शास्त्रज्ञांनी त्या प्रथिनाचे नावच 'लॅदरिन' ठेवले आहे. या घोड्यावरूनच अस्वस्थ झालेल्या, डोक्यात राख घालून घेतलेल्या माणसाला इंग्रजीत 'लॅदरमध्ये आहे' असे म्हणतात. बोलीत 'लॅदर' म्हणजे बदडून काढणे असाही अर्थ आहे. आपणही एखाद्याला 'धुऊन काढतो', त्याची 'धुलाई' करतो. दोन्ही भाषांना मारामारीत साबणच आठवावा याची मला मौज वाटते.

इथवर सगळे सरळ आहे. खड्डा पुढे आहे आणि त्यात मी पडलेली आहे. उमेदवारीच्या काळात एका वर्तमानपत्रात बातम्या भाषांतरित करत असताना कुणा नेत्याबद्दल 'तोंडाला फेस आला होता' अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य आले. मी ते जसेच्या तसे मराठीत उतरवले. दुसऱ्या दिवशी एका वाचकाने विचारले, 'साहेब एवढे दमले कशाने?' साहेब दमले नव्हते, भयंकर संतापले होते. इंग्रजीत तोंडाला फेस येतो तो पिसाळलेल्या जनावराचा, म्हणून त्याचा अर्थ राग. आपल्याकडे येतो तो मोटेला जुंपलेल्या, चढावर गाडी ओढणाऱ्या बैलाचा, म्हणून त्याचा अर्थ दमछाक. एका भाषेने पिसाळलेले जनावर पाहिले आणि दुसरीने राबणारे. शब्दकोशात मात्र दोन्हीकडे एकच शब्द, फेस.

इंग्रजीत फेसाला शब्द भरपूर. 'फोम' सर्वसाधारण, 'लॅदर' साबणाचा, 'सड्स' म्हणजे धुण्याच्या बादलीतले फेसाचे पाणी. 'फ्रॉथ' म्हणजे वरवरचा फेस आणि म्हणून पोकळ बडबडही. तिथे आपण 'शब्दांचे बुडबुडे' म्हणतो. 'स्कम' मूळचा फेसच, पण पुढे पाण्यावर तरंगणारी घाण झाला आणि मग माणसांना द्यायची शिवी. यातला 'फोम' आपला परका नाही. संस्कृत 'फेन' आणि तो एकाच मुळाचे. लॅटिनमधला 'स्पूमा'ही त्यांचाच. टाचा घासायच्या सच्छिद्र दगडाचे, 'प्युमिस'चे नावही तिथूनच आले. ऋग्वेदात इंद्राने नमुचीचे डोके उडवले ते पाण्याच्या फेनाने. पुढच्या कथेत त्याचे कारण येते: ओल्याने मारायचे नाही आणि सुक्यानेही नाही, असे वचन इंद्राने दिले होते. फेसाची याहून नेमकी व्याख्या मला ठाऊक नाही!

मग मराठी गरीब का? तसे अजिबात नाही, फक्त तिची श्रीमंती स्वयंपाकघरात आणि शेतावर आहे. लोणच्याला आपण मोहरी फेसतो. पाणी घालून ती इतकी घोटायची की हलकी होते आणि झणका नाकात जातो. 'फेसणे' या एका क्रियापदात ही सगळी कृती आहे, इंग्रजीत ती सांगायला वाक्य लागेल. भज्यांचे पीठ मात्र आपण फेसत नाही, फेटतो. गुऱ्हाळात काहिलीतला रस तापला की वर येणाऱ्या फेसकट मळाला 'मळी' म्हणतात. ती वेळेवर काढली नाही तर गूळ काळा पडतो. तिथे 'फेस' म्हणणाऱ्याला गुळव्या हसेल.

आता त्या पत्रकाकडे येते. सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावात ते वाटले गेले. तिथल्या एका आजींनी आशाताईंना विचारले, "अवो ताई, फेस कुठनं आनू? आमच्या बोरच्या पान्यात साबन नुसता चिकाट हुतोय." आजींच्या गावचे पाणी जड. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात आणि साबणाचा त्यांच्याशी संयोग होऊन न विरघळणारा चोथा होतो. तो सगळा होऊन गेल्यावर उरलेल्या साबणाला फेस येणार. अशा पाण्यात डाळही लवकर शिजत नाही. आजी अर्धी वडी घासत बसल्या होत्या आणि फेस नाही म्हणून हात धुतलेच गेले नाहीत असे समजत होत्या.

मला शरम वाटली ती वेगळ्याच कारणाने. अशा पाण्याला इंग्रजीत नुसते 'कठीण' म्हणतात. आपल्या शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात त्याला 'दुष्फेन' असा सुंदर शब्द आहे, ज्यात फेस नीट येत नाही ते. तो शब्द पाठ करून मी परीक्षेत गुण मिळवले होते आणि पत्रक लिहिताना तो माझ्या स्वप्नातही आला नाही.

पत्रकाची दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा मी ती ओळ बदलली: 'साबण लावून तळहात, बोटांच्या बेचक्या, नखे आणि मनगटे वीस सेकंद चोळा. पाणी जड असेल तर साबण थोडा जास्त लागेल, फेस कमी आला तरी चोळणे थांबवू नका.' मूळ एका शब्दाच्या या दोन ओळी झाल्या. छापणाऱ्याने जागा पुरत नाही म्हणून कुरकुर केली. मग खालचे बोधचिन्ह जरा लहान केले.